क्रिप्स यांचा प्रश्न

शालेय इतिहासात सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या वाट्याला फार तर एक टीप येते. मार्च १९४२ मध्ये ते ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाचा प्रस्ताव घेऊन हिंदुस्थानात आले, काँग्रेसने तो नाकारला, मुस्लिम लीगने नाकारला, आणि तीन आठवड्यांत ते रिकाम्या हातांनी परत गेले. पुढचे पान उलटले की 'छोडो भारत'. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक पिढीने ही टीप केव्हा ना केव्हा लिहिली असेल. 'पुढील तारखेचा चेक' ही गांधीजींच्या नावावर सांगितली जाणारी उपमा तीत घातली की उत्तर पूर्ण झाले, असा आपला समज.

त्या टिपेत एक गोष्ट नसते. दिल्लीत उतरलेले हे गृहस्थ मूळचे राजकारणी नव्हते. ते वकील होते, आणि वकीलही जमीनजुमल्याच्या किंवा खुनाच्या खटल्यांचे नव्हे, तर पेटंटचे. शासकीय मराठीत ज्याला 'एकस्व' म्हणतात त्या हक्काचे भांडण न्यायालयात लढवणे हा त्यांचा पेशा होता आणि त्या पेशात दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या इंग्लंडमध्ये त्यांच्या तोडीची माणसे थोडी होती. त्यांची राजकीय योजना आपण परत पाठवली, पण वकील म्हणून त्यांनी एका खटल्यात विचारलेला एक प्रश्न मात्र या देशात येऊन राहिला. संपादक मंडळाने इतिहासावर लेख मागितला तेव्हा या राहिलेल्या प्रश्नाविषयी लिहावे असे वाटले. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते, औषधनिर्माते आणि रसायनशास्त्राचे पदवीधर पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींचा या प्रश्नाशी रोजचा संबंध येत असेल, प्रश्न कोणाचा हे ठाऊक नसेल इतकेच.

रिचर्ड स्टॅफर्ड क्रिप्स यांचा जन्म २४ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील नामांकित वकील, पुढे लॉर्ड पार्मूर झाले. आई ते चार वर्षांचे असतानाच वारली. समाजवादी विचारवंत बिआट्रिस वेब या त्यांच्या मावशी. विंचेस्टरच्या शाळेतून त्यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची रसायनशास्त्राची शिष्यवृत्ती मिळवली, पण ऑक्सफर्डला ते गेलेच नाहीत. त्यांच्या उत्तरपत्रिकेची कीर्ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील सर विल्यम रॅम्से यांच्या कानी गेली आणि त्यांनी या मुलाला आपल्याकडे बोलावून घेतले. हवेतील निष्क्रिय वायूंच्या शोधासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते रॅम्से. त्यांच्या प्रयोगशाळेत क्रिप्स यांनी झेनॉन वायूवर काम केले आणि १९१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या निबंधावर दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांचेही नाव आले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस होते.

एवढे झाल्यावर कोणत्याही घरात 'आता हा संशोधक होणार' असे म्हटले गेले असते. क्रिप्स मात्र १९१३ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर झाले. विज्ञान शिकून मुलगा दुसरीकडे वळला की 'इतकी वर्षे फुकट गेली' असे म्हणणारे पालक आजही भेटतात. क्रिप्स यांच्या बाबतीत ती वर्षे फुकट तर गेली नाहीतच, त्यांच्या वकिलीचे भांडवल तीच ठरली. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले. प्रकृती नाजूक असल्याने ते सैन्यात गेले नाहीत. रेड क्रॉसची गाडी घेऊन फ्रान्समध्ये राबले आणि मग वेल्सच्या सीमेवरील क्वीन्सफेरी येथील स्फोटकांच्या प्रचंड सरकारी कारखान्यात व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली. तिथल्या श्रमांनी त्यांची पचनसंस्था कायमची बिघडली आणि पुढे ते शाकाहारी झाले. गंमत अशी की त्यांच्या पत्नी इसोबेल या पचनाच्याच औषधाच्या वारस होत्या. आपल्या घरांत पोट बिघडल्यावर घेतले जाणारे, आणि ढोकळ्याच्या पिठात पडणारे 'ईनो' ज्यांनी बाजारात आणले, त्या जेम्स ईनो यांची ती नात.

१९१९ मध्ये क्रिप्स पुन्हा वकिलीकडे वळले. पेटंटचा खटला म्हणजे काय, हे इथे थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय या माणसाचे सामर्थ्य कळणार नाही. पेटंट म्हणजे राज्यसंस्थेने संशोधकाशी केलेला सौदा. संशोधकाने आपला शोध लेखी, स्पष्ट शब्दांत जगापुढे उघड करायचा आणि त्या बदल्यात काही वर्षे तो दुसऱ्या कोणाला वापरू न देण्याचा हक्क मिळवायचा. त्या काळी ब्रिटनमध्ये ही मुदत सोळा वर्षांची होती. मुदत संपली की शोध सर्वांचा. कोणी मध्येच तो शोध वापरला की पेटंटधारक दावा लावतो. प्रतिवादी बहुधा दोन उत्तरे देतो. एक, मी जे करतो ते तुमच्या शोधाच्या कक्षेत येत नाही. दुसरे, आणि हे जास्त घातक, तुमचा शोध हा शोधच नव्हे. त्यात नवे काही नाही, कोणाही जाणकाराला ते सुचले असते, सबब हे पेटंटच रद्द करा. खटला इथे पोहोचला की न्यायाधीशापुढे प्राध्यापकांची रांग लागते, नकाशे, नमुने आणि काचेची उपकरणे मांडली जातात, आणि ज्यांचे सारे शिक्षण लॅटिन व कायद्यात झाले अशा न्यायमूर्तींना चार दिवसांत रसायनशास्त्र समजावून घ्यावे लागते. अशा ठिकाणी प्रयोगशाळेत हात भाजून घेतलेला बॅरिस्टर उभा राहिला की तज्ज्ञ साक्षीदारही जपून बोलू लागतात.

या खटल्यांतील खरी अडचण मात्र शास्त्राची नसते, ती मनाची असते. उत्तर कळल्यावर कोडे सोपे वाटते. संशोधकाने दहा वर्षे झिजून जे काढले ते त्याच्याच वर्णनात वाचले की 'यात काय विशेष?' असे वाटू लागते. याउलट, पुस्तकांत पडलेल्या दोन जुन्या गोष्टी एकत्र करून त्यांवर भारदस्त शब्दांचा मुलामा चढवला की सामान्य कारागिरीही प्रतिभेसारखी दिसते. पहिल्या चुकीने संशोधक बुडतो. दुसऱ्या चुकीने समाज बुडतो, कारण जे सर्वांचे होते त्यावर एकाची मालकी बसते आणि किंमत ग्राहक मोजतो. औषधाच्या बाबतीत ती रोगी मोजतो. या दोहोंच्या मध्ये रेघ कुठे ओढायची?

१९२८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात शार्प अँड डोम विरुद्ध बूट्स हा खटला चालला. शार्प अँड डोम ही अमेरिकन औषध कंपनी, बूट्स ही नॉटिंगहॅमची. वाद होता रेसॉर्सिनॉलपासून बनणाऱ्या जंतुनाशकांवरून. त्यांतले हेक्झिलरेसॉर्सिनॉल घसा दुखल्यावर चघळायच्या काही गोळ्यांत आजही असते. ही द्रव्ये बनवण्यासाठी ज्या दोन रासायनिक क्रिया लागत, त्या दोन्ही तेव्हाच्या रसायनशास्त्राला परिचित होत्या. मग त्या वापरून ही उपयुक्त औषधे बनवणे हा शोध म्हणायचा की नाही? क्रिप्स वर्षभरापूर्वीच, १९२७ मध्ये, 'किंग्ज कौन्सेल' झाले होते. त्या काळच्या किंग्ज कौन्सेलांत ते सर्वांत तरुण होते. त्यांनी साऱ्या वादाचा निचोड एका लांबलचक प्रश्नात मांडला. पेटंटच्या तारखेला जे रासायनिक ज्ञान उपलब्ध होते, म्हणजे तोवर छापून आलेले साहित्य आणि त्या क्षेत्रातले सर्वसाधारण ज्ञान, ते हाताशी असलेल्या कोणाही कुशल रसायनशास्त्रज्ञाला, या ज्ञात क्रिया वापरून मौल्यवान औषधी द्रव्ये करता येतील हे व्यवहारतः उघड होते काय? उत्तर 'नाही' असेल तर पेटंट टिकते, 'होय' असेल तर पडते.

हा प्रश्न सावकाश वाचावा असा आहे. त्यात एक तारीख आहे. आज काय माहीत आहे ते विसरा, त्या दिवशी काय माहीत होते तेवढेच पाहा, असे तो न्यायाधीशाला बजावतो. त्यात एक माणूस आहे, तो रॅम्सेंसारखा प्रज्ञावंत नाही आणि अडाणीही नाही, आपले काम नीट जाणणारा आहे. त्याच्या हाती काय होते याचा हिशेब आहे. आणि 'व्यवहारतः' हा शब्द आहे, जो तात्त्विक शक्यता-अशक्यतांचा काथ्याकूट दूर सारतो. अपील न्यायालयाचे प्रमुख लॉर्ड हॅनवर्थ यांनी हा प्रश्न आपल्या निकालात घेतला आणि वकिलाचे वाक्य कायद्याचे वाक्य झाले. 'क्रिप्स यांचा प्रश्न' या नावानेच इंग्लंडमधील पेटंटचे वकील पुढे अनेक दशके त्याचा उल्लेख करीत राहिले. वकिलाचे बोलणे एरवी निकालाबरोबर विरून जाते, न्यायाधीशाचे राहते. इथे उलटे झाले.

त्यानंतर क्रिप्स यांचा उत्कर्ष वेगाने झाला. १९३० मध्ये मजूर सरकारने त्यांना सॉलिसिटर जनरल नेमले, 'सर' ही पदवी आली, जानेवारी १९३१ मध्ये ते ब्रिस्टल ईस्टमधून संसदेत गेले. त्या दशकात ते लंडनच्या सर्वाधिक कमावणाऱ्या बॅरिस्टरांपैकी एक होते, आणि त्या कमाईवर भांडवलशाहीच्या विरोधात भाषणे करीत. यावर त्यांचे विरोधक हसत. हसण्यासारखे होतेही, पण पैसा ते राजकारणात ओतत. १९३७ साली निघालेल्या 'ट्रिब्यून' या साप्ताहिकाला त्यांचाच मोठा आधार होता.

त्यांच्या वकिलीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम पेटंटचे नाही, पण पेटंटच्या खटल्यांनी घडवलेल्या बुद्धीचे आहे. २२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे वेल्समधील ग्रेसफर्डच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. २६६ माणसे गेली. खाण बंद करावी लागली आणि फक्त अकरा मृतदेह बाहेर आले. चौकशी सुरू झाली तेव्हा खाणमालकांच्या बाजूला हार्टली शॉक्रॉस यांच्यासारखे कसलेले वकील होते. उत्तर वेल्सच्या खाणकामगार संघटनेची बाजू क्रिप्स यांनी एक पैही न घेता चालवली. रसायनशास्त्रज्ञ आणि स्फोटकांच्या कारखान्याचा माजी व्यवस्थापक यांच्यापुढे वायूंविषयी गोलमोल बोलून भागणार नव्हते. उलटतपासणीतून खाणीतील वायुवीजनाची दुरवस्था बाहेर येत गेली. हवेची मोजणी न करताच नोंदवहीत आकडे भरले गेल्याची कबुली खाणीच्या एका कर्मचाऱ्याने दिली. शेवटी १९३७ मध्ये न्यायालयाने कंपनीला ठोठावलेला दंड होता १४० पौंड आणि खर्च. चौकशीचे कागद वाचताना वकिलाचे यश आणि न्याय यांमधले अंतर इतके उघडे पडते की क्रिप्स यांच्या राजकारणातला कडवटपणा कुठून आला असेल, ते निराळे सांगावे लागत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये मजूर पक्षाने त्यांना शिस्तभंगासाठी काढून टाकले. युद्ध सुरू होताच त्यांनी वकिली सोडली. डिसेंबर १९३९ मध्ये ते स्वतःहून हिंदुस्थानात येऊन गेले. नेहरूंशी त्यांचा स्नेह होता, १९३८ मध्ये नेहरू त्यांच्या खेड्यातील घरी राहूनही आले होते. मग मॉस्कोतील राजदूतपद, आणि तिथून परतल्यावर मार्च १९४२.

२२ मार्च ते १२ एप्रिल. या तीन आठवड्यांत दिल्लीत ते सर्वांना भेटले. मौलाना आझाद, नेहरू, गांधीजी, जिना तर होतेच, सप्रू आणि बॅरिस्टर जयकर होते, आणि दलितांना या योजनेत कोणते संरक्षण आहे असे विचारणारे डॉ. आंबेडकर व एम. सी. राजा होते. मसुदा असा की युद्धानंतर हिंदुस्थानला वसाहतीचे स्वराज्य, घटना बनवण्यासाठी हिंदी प्रतिनिधींची समिती, न पटणाऱ्या प्रांतांना बाहेर राहण्याची मुभा, आणि युद्ध चालू असेतो संरक्षणाची सूत्रे ब्रिटिशांकडे. स्वीकारायचा तर संपूर्ण, नाही तर नाही.

बोलणी मोडण्याचा दोष क्रिप्स यांच्या एकट्याच्या माथी मारणे चूक ठरेल. लंडनमध्ये चर्चिल आणि दिल्लीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांना ती यशस्वी व्हावीत अशी कळकळ नव्हती, हे आता इतिहासकारांत फारसे वादग्रस्त राहिलेले नाही. तरीही माझे मत असे की क्रिप्स यांची न्यायालयीन सवयही त्यांच्या आड आली. आयुष्यभर त्यांनी पसरलेला वाद आवळत आवळत अशा एका प्रश्नावर आणला होता, ज्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असेल. न्यायालयात हे शक्य असते, कारण तिथे प्रश्न कोणी विचारायचा हे आधीच ठरलेले असते. दिल्लीत समोर बसलेल्यांचा आक्षेप उत्तरावर नव्हता. आमच्या देशाचा प्रश्न लंडनहून लिहून का आणलात, असे ते विचारीत होते. आझाद, नेहरू आणि आंबेडकर यांना तो कागद आपापल्या अंगाने अपुरा वाटला, आणि प्रत्येकाची अपुरेपणाची यादी वेगळी होती. अशा वेळी मसुद्याची नेटकी रचना कामाची नसते.

१९४६ मध्ये त्रिमंत्री योजनेच्या निमित्ताने ते पुन्हा आले, पेथिक-लॉरेन्स आणि अलेक्झांडर यांच्यासह. नंतर ब्रिटनचे अर्थमंत्री झाले, काटकसरीच्या धोरणामुळे टीकेचे धनी झाले, १९५० मध्ये प्रकृतीमुळे पद सोडले आणि २१ एप्रिल १९५२ रोजी झुरिच येथे वारले.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडच्या कायद्याचे सार सांगणारा 'हॅल्सबरी' हा बहुखंडी ग्रंथ आपल्याकडच्या प्रत्येक उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात असतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या एकोणतिसाव्या खंडात क्रिप्स यांचा प्रश्न थोडा सैल करून, रसायनशास्त्राचे संदर्भ काढून, कोणत्याही क्षेत्राला लावता येईल अशा रूपात आला होता. १९६० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइड या औषधाचा वाद आला. पेटंट जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीचे होते, आणि मुंबईची युनिकेम कंपनी तेच औषध आपल्याच हाफकिन संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीने बनवत होती. १९६८ च्या निकालात न्यायमूर्ती विमादलाल यांनी हॅल्सबरीतील तो उतारा आधाराला घेतला. निकाल जर्मन कंपनीच्या बाजूने गेला. देशी संस्थेची देशी पद्धत अशी हरल्याची रुखरुख अनेकांना लागली. पेटंटचा कायदा बदलण्याची चर्चा तेव्हा देशात चालूच होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ पासून सरकारपुढे होता. १९७० चा पेटंट कायदा झाला, २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला, आणि औषधाच्या द्रव्यावर पेटंट मिळणेच बंद झाले, ते केवळ प्रक्रियेवर आणि तेही थोड्या वर्षांसाठी मिळू लागले. द्रव्यावरील पेटंट पुन्हा सुरू झाले ते २००५ साली.

सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न पोहोचला तो मात्र औषधाच्या नव्हे, भांड्यांच्या वाटेने. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर हे पितळी आणि जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांचे गाव. तिथल्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी संस्थेचे म्हणणे असे की लेथवर भांडे फिरत असताना ते निसटून उडे आणि कामगाराला इजा होण्याची भीती असे. आमच्या एका भागीदाराने भांडे घट्ट धरण्याची नवी युक्ती काढली आणि आम्ही तिचे पेटंट घेतले. पेटंटचा अंमल डिसेंबर १९५१ पासून होता. गावातीलच विश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही पेढी तीच युक्ती वापरते म्हणून दावा लागला. पेढीने उत्तर दिले की यात नवे काही नाही, असे दाबून धरणे लेथवर पूर्वीपासून चालत आले आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द ठरवले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले, आणि प्रकरण दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर १९७८ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. पेटंटची सोळा वर्षांची मुदत तोवर केव्हाच सरली होती.

न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या त्या निकालात शोध आणि निव्वळ कारखान्यातली सुधारणा यांतला भेद सविस्तर मांडला आहे, आणि तो मांडताना क्रिप्स यांचा प्रश्न आला आहे. पेटंटच्या तारखेला उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या आधारे त्या क्षेत्रातील कुशल कारागिराला हे व्यवहारतः उघड होते काय? १९२८ च्या लंडनमधला कुशल रसायनशास्त्रज्ञ पन्नास वर्षांनी मिर्झापूरच्या लेथवर उभा राहिलेला असा आपल्याला भेटतो. उत्तर 'होय' असे आले आणि पेटंट गेले.

हा निकाल भारतीय पेटंट कायद्याच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो. पेटंट अर्ज तपासणारे अधिकारी तो उद्धृत करतात. कर्करोगावरील एर्लोटिनिब या औषधावरून रोश आणि सिप्ला यांच्यात झालेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ साली तो पुन्हा विचारात घेतला. आज कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'शोधात्मक पाऊल' याची जी व्याख्या आहे, तिच्यातही त्या क्षेत्रात कुशल असलेला माणूस उभा आहेच. सरकारिया यांच्या निकालातील तो परिच्छेद मुळातून वाचावा. प्रश्न कुठून आला ते त्यात दिले आहे. हॅल्सबरीचे नाव आहे, खंड आणि पृष्ठ आहे, मुंबईच्या न्यायमूर्ती विमादलाल यांचेही नाव आहे. क्रिप्स यांचे नाही.